शपथ घातली आहे, तरी सांगावे का?

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो आणि त्याचा क्लास पूर्वेला आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या पॅन्टला गुडघ्यापाशी काळे वंगण लागलेले दिसले. खोदून विचारले तेव्हा रडत रडत त्याने सांगितले, की क्लास सुटल्यावर ते चौघे मित्र पुलावरून न येता रूळ ओलांडतात आणि पुलाकडे वळणाऱ्याला ‘फट्टू’ म्हणून चिडवतात. हे कोणालाही सांगायचे नाही, अशी चौघांची शपथ आहे. त्याने मलाही स्वतःची शपथ घातली. त्यांतल्या एकाची आई माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तिला सांगितले तर मुलाचा विश्वास जाईल, न सांगावे तर झोप लागत नाही.
— एक आई, भांडुप

उत्तर : सांगावे लागेल, आणि उद्यावर न टाकता. तिथे धीम्या आणि जलद गाड्यांचे रूळ शेजारी शेजारी आहेत. एक गाडी समोरून जात असताना तिच्या आडून येणारी दुसरी दिसत नाही आणि पहिलीच्या आवाजात तिचा आवाजही वेगळा कळत नाही. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, परंतु हे कलम त्याला ऐकवून फार काही साधणार नाही, कारण हातात पिशव्या घेऊन तेच रूळ ओलांडणारी मोठी माणसे तो रोज पाहत असणार. आजपासून क्लास सुटताना घरातल्या कोणीतरी त्याला घ्यायला जावे.

त्याला धोका कळत नाही, असे मात्र समजू नका. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ होता. एकटे खेळताना सावध राहणारी १३ ते १६ वर्षांची मुले बरोबरीची मुले पाहत असताना कितीतरी जास्त धोका पत्करत होती; २४ वर्षांपुढच्या माणसांत तसा फरक जवळजवळ पडला नाही. तुमचा मुलगा एकटा असता तर मुकाट्याने पुलाकडे वळला असता, असे मला वाटते.

आता शपथेविषयी. तिला पोरकटपणा म्हणू नका. या वयात मैत्री ही मुलाने स्वतः मिळवलेली पहिली गोष्ट असते आणि दिलेला शब्द पाळणे हा त्याच्या दृष्टीने तिचा कणा असतो. शिवाय आज तुम्हीही त्याच्याच जागी उभ्या आहात : ज्याच्यावर जीव आहे त्याने शब्द घेतला आहे आणि तो पाळला तर त्याच्याच जिवावर बेतू शकते. अशा वेळी शब्दातून बाहेर कसे पडायचे, हे तो तुमच्याकडे पाहून शिकेल. म्हणून त्याच्या पाठीमागे फोन करू नका. त्याला जवळ बसवून म्हणा, “मी शपथ घेतली खरी, पण ती मला पाळता येणार नाही. मी काकूंना सांगणार आहे. तू ‘सुटली’ म्हण.” त्याने म्हटले तर उत्तम. नाही म्हटले, रागावला, तरीही सांगाच. फक्त कोणत्या शब्दांत सांगायचे आणि त्या वेळी त्याने तिथे असावे की नाही, हे त्याला ठरवू द्या. त्या आईशी बोलताना ‘तुमच्या मुलामुळे’ हा शब्द येऊ देऊ नका. आपली चौघेही मुले तिथून जातात, एवढेच सांगा, आणि उरलेल्या दोन घरांपर्यंत दोघी मिळून पोहोचा.

त्या चौघांत आणखी कोणाला भीती वाटते, हेही त्याला हळूच विचारा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातील प्रसिद्ध प्रयोगांत अनेक जण, सगळा गट उघड चुकीचे उत्तर देतो म्हणून, स्वतःही तेच उत्तर देत. पण गटातला एक जरी बरोबर बोलला, तरी त्यांच्या चुका एकदम कमी होत. दोघे मिळून पुलाकडे वळले, तर चिडवणारे दोघेच उरतात.

काही दिवस एखादा मित्र त्याच्याशी कट्टी धरेल, डबा खाताना बाजूला सरकेल. हे दुःख खरे आहे. ‘असले मित्र हवेत कशाला’ हे वाक्य तेव्हा कृपा करून टाळा. संध्याकाळी तो घरी आला, की आज कोणी बोलले का, एवढे विचारा आणि तो सांगेल ते ऐकून घ्या.