मेन्यूतून मिंट गेला कुठं? : वाचकांचे संगणक-प्रश्न

(हुकूम इथं देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, ते इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा; मोठं अक्षर हवं तिथं तसं सांगितलंय.)

प्रश्न : सर, निपाणीत माझं टायपिंग आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. एकाच डिस्कवर उबुंटू आणि लिनक्स मिंट या दोन लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. कन्नड अर्ज उबुंटूत, मराठी पत्रिका मिंटमध्ये, अशी हाताला सवय पडलीय. चालू केल्यावर मिंटचा मेन्यू यायचा, त्यात दोन्ही दिसायचे. परवा उबुंटूचं अपडेट घेतलं आणि आता मशीन थेट उबुंटूतच उघडतं. मिंटचं नावच नाही. संकेश्वरच्या पाहुण्यांच्या पत्रिका आत अडकल्यात. फॉरमॅट करावं लागेल का?

उत्तर : ताई, फॉरमॅटचं नाव काढू नका. मिंट डिस्कवर जागच्या जागी आहे. घाई असेल तर उबुंटूतच फाईल मॅनेजर उघडा, डावीकडं दिसणाऱ्या मिंटच्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागावर) क्लिक करा आणि होम फोल्डरातून पत्रिका उचलून छापायला घाला. गिऱ्हाईक आधी, बूटलोडर नंतर.

आता झालं काय ते बघा. नव्या मशीनमध्ये बूटलोडर (मशीन चालू होताना सिस्टिम उघडून देणारा प्रोग्राम) ईएफआय नावाच्या छोट्या फॅट३२ पार्टिशनात राहतो. तिथं फेडोरा, डेबियन अशा इतर लिनक्सचे फोल्डर वेगवेगळे. मिंट मात्र उबुंटूच्या पायावर उभा, त्यामुळं त्याचा फोल्डरही ‘उबुंटू’ याच नावाचा. या बूटलोडरचं नाव ग्रब. त्याची ग्रब डॉट सीएफजी ही जेमतेम तीन ओळींची फाईल त्या फोल्डरात असते. खरा मेन्यू कोणत्या पार्टिशनात आहे, एवढंच ती सांगते. पाटी एक आणि रंगारी दोन, अशी ही गत आहे. ज्याचा हात शेवटी फिरला त्याचं गाव पाटीवर. उबुंटूच्या अपडेटात ग्रबचं पॅकेज आलं, त्यानं ती फाईल नव्यानं लिहिली.

बरं, पाटी फिरली तरी उबुंटूच्या मेन्यूत मिंट दिसायला काय हरकत होती? तर शेजारच्या सिस्टिम हुडकणारा ओएस-प्रोबर हा प्रोग्राम 2021 साली आलेल्या ग्रब 2.06 पासून सुरक्षेच्या कारणानं मुळातच बंद ठेवलेला असतो. तो चालू करायला उबुंटूत ‘सुडो नॅनो’ (सुडो म्हणजे मालकाच्या हक्कानं, नॅनो म्हणजे साधा एडिटर) वापरून ईटीसी फोल्डरातल्या डिफॉल्टमधली ग्रब ही फाईल उघडा आणि शेवटी ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’, बरोबरचं चिन्ह, ‘फॉल्स’ अशी ओळ घाला. पहिले चार शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मधे अंडरस्कोर. फॉल्स लहान अक्षरांत. चिन्हाच्या अलीकडं-पलीकडं मोकळी जागा नको. फाईल सेव्ह करून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ‘फाउंड लिनक्स मिंट’ अशी ओळ उमटली की काम फत्ते.

इथं बरेच जण थांबतात, तुम्ही थांबू नका. दोन लिनक्स असले की मेन्यूचा कारभार एकाकडंच हवा. तुमचं रोजचं काम मिंटवर, म्हणून तो मिंटकडं द्या. मिंटमध्ये शिरून ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ आणि लगेच ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. पुढं कधी उबुंटूनं ग्रबचं अपडेट घेऊन पाटी फिरवलीच, तर मिंटमध्ये जाऊन हाच पहिला हुकूम पुन्हा द्यायचा. उबुंटूचं ग्रब पॅकेज ‘होल्ड’ करून, म्हणजे त्याचं अपडेट रोखून, ठेवा असं सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. 2020 मध्ये ग्रबमध्ये बूटहोल नावाचं सुरक्षेतलं मोठं भोक सापडलं होतं. तसलं काही निघालं तर दुरुस्ती येऊनही तुमच्या मशीनवर चढणार नाही.

उबुंटूत नवं कर्नल (सिस्टिमचा गाभा) आलं तरी मिंटच्या मेन्यूत जुन्याचंच नाव राहतं, कारण तो मेन्यू ज्या दिवशी तयार झाला त्या दिवशीची कर्नल त्यात लिहिलेली असतात. दर वेळी मिंटमध्ये अपडेट-ग्रब करणं हा एक उपाय. मला आवडतो तो दुसरा : मिंटच्या ईटीसीमधल्या ग्रब डॉट डी फोल्डरात ‘40 कस्टम’ या फाईलीत एक मेन्यूएंट्री लिहायची. तिच्यात सर्च हुकमानं उबुंटूचं पार्टिशन यूयूआयडीवरून (पार्टिशनच्या लांबलचक ओळखक्रमांकावरून) शोधायचं आणि कॉन्फिगफाईल हुकमानं त्याचाच बूट-ग्रबमधला मेन्यू उघडायचा. म्हणजे उबुंटूनं आपल्या घरात काहीही बदललं तरी मिंटला विचारायला नको. यूयूआयडी ‘सुडो बीएलकेआयडी’नं मिळतो. तो कॉपी-पेस्टच करा, हातानं टाइप करू नका.

वळवाच्या दिवसांत आपल्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही. ग्रब-इन्स्टॉल यूपीएसवर किंवा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच करा.

आणि जाता जाता : आयबस या भाषा-कीबोर्डच्या प्रोग्राममध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड एकत्र बसतात. सोयरीक सीमेच्या अल्याड-पल्याड झाली तरी दोन्ही बाजूंची पत्रिका एकाच मिंटवर होईल. पण मांडलेला संसार मोडा असं मी सांगणार नाही.

प्रश्न : काका, मी खानापूरचा, डिप्लोमाला आहे. डेबियनशेजारी फेडोरा टाकला होता. जागा कमी पडली म्हणून जीपार्टेड या पार्टिशनं करायच्या प्रोग्राममधून फेडोराची पार्टिशनं उडवली. आता काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब’ आणि कंसाचं टोक येतं.

उत्तर : अरे, फेडोराचं घर पाडलंस, पण मदरबोर्डच्या यादीत पहिलं नाव अजून त्याचंच आहे. मशीन चालू करताना बूट मेन्यूची की दाब (डेलवर एफ12, एचपीवर एफ9) आणि डेबियन निवड. आत गेल्यावर ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर’ चालव, क्रमांकांसह यादी येईल. समज फेडोरा 0003 असेल, तर त्याच हुकमापुढं ‘वजा लहान बी 0003 वजा मोठा बी’ दिलं की ती नोंद जाते. क्रमांक दोनदा बघ; चुकून डेबियनचा देऊ नकोस. पुढच्या वेळी आधी ‘वजा ओ’नं डेबियन पहिला लाव, मगच पार्टिशनला हात घाल.

प्रश्न : तिसरं लिनक्स टाकल्यापासून जुनं डेबियन सुरू होताना दीड मिनिट अडून बसतं. बूटलोडर बिघडला का?

उत्तर : नाही. मेन्यू येऊन पुढं सरकलात म्हणजे बूटलोडरनं त्याचं काम केलं. नव्या इन्स्टॉलरनं स्वॅप पार्टिशन (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) फॉरमॅट केलं असणार. त्याचा यूयूआयडी बदलला आणि डेबियन जुन्याची 90 सेकंद वाट बघतं. बीएलकेआयडीनं नवा क्रमांक काढून ईटीसीमधल्या एफएसटॅब या पार्टिशनांच्या यादीच्या फाईलीत घाला. ईटीसीमधल्याच इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरात ‘रिझ्यूम’ नावाची फाईल असेल तर तिच्यातही तोच घाला आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस वजा यू’ चालवा. यापुढं नवं लिनक्स टाकताना स्वॅपसमोरची फॉरमॅटची खूण काढता आली तर काढा.