बिऱ्हाड कुठं केलंय?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीत लाइपझिगला गेली. फोनवर ती सांगते, 'इथल्या एक्स्पॅट लोकांना भेटतेय, हळूहळू सेटल होतेय.' ताईंनी तेच शेजारणीला मराठीत सांगितलं, 'प्रवासी लोकांत मिसळून स्थायिक होतेय.' शेजारणीला वाटलं, मुलगी सहलीला गेली आहे. ताई विचारतात, एक्स्पॅटला मराठीत म्हणायचं काय, आणि 'प्रवासी' चुकलं का?

चुकलं. शेजारणीचा कान शाबूत आहे. मराठीत प्रवासी म्हणजे वाटेवरचा माणूस, तिकीट काढलेला. परदेशी राहणाऱ्याला प्रवासी म्हणणं हिंदीतून आलं. ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले, म्हणून २००३ पासून त्या तारखेला 'प्रवासी भारतीय दिवस' साजरा होऊ लागला आणि आपल्या वर्तमानपत्रांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला. हिंदीचं चुकत नाही. संस्कृतात प्र-वस् म्हणजे घरापासून लांब राहणं, हिंदीनं तो अर्थ सांभाळला. मराठीत त्या शब्दाला केव्हाच चाकं लागली. मराठी बातमीत 'दुबईतले प्रवासी' असं वाचलं की मला विमानतळावर खोळंबलेले लोक दिसतात, आणि दर वेळी चीड येते.

'अनिवासी' आयकर खात्यापुरता ठीक आहे. 'परदेशी' आपल्याकडं आडनावही आहे, आणि जुन्या बोलण्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसाला परदेशी म्हणत, म्हणून तोही नको. एक्स्पॅट या शब्दाची तर मला कीव येते. लॅटिनमध्ये एक्स म्हणजे बाहेर, पॅट्रिया म्हणजे पितृभूमी, आणि मूळ क्रियापदाचा अर्थ देशाबाहेर घालवणं, हद्दपार करणं. आपली पोर स्वतःच्या हिमतीवर परीक्षा देऊन गेली आहे. तिला हद्दपाराचा शब्द कशाला चिकटवायचा?

'स्थायिक'वर माझा राग जास्त आहे, कारण तो रोज ऐकू येतो. मुलगा विमानात बसला नाही तोच आईवडील सांगतात, 'तो तिकडं स्थायिक झाला.' स्थायिक म्हणजे कायमचा राहिलेला. आठ महिन्यांत कोणी स्थायिक होत नाही. या काळात माणूस रुळतो, रमतो, त्याचा जम बसतो. आणि या सगळ्याच्या आधी तो एक गोष्ट करतो, तिला मराठीत सोन्यासारखा शब्द आहे: बिऱ्हाड करतो.

बिऱ्हाड म्हणजे तात्पुरतं राहतं घर, आणि त्या घरातलं कुटुंबही. मांडलेलं, थाटलेलं, पण मुळं खोल न गेलेलं. विंचवाचं पाठीवर असतं ते हेच. मी सांगलीच्या गावभागात एका वाड्यात वाढलो. आमच्यासकट पाच बिऱ्हाडं होती. एक कऱ्हाडकडचं, एक कोकणातलं, एक थेट विजापूरचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात चढलं, तेव्हा गल्लीत हाक एकच होती, 'बिऱ्हाड हलवा.' त्या घाईत कुणाच्या तोंडी 'शिफ्टिंग' आलं नाही.

आता हा शब्द आला कुठून? सांगलीत एका व्याख्यानात एका निवृत्त प्राध्यापकांनी तो 'विहार'पासून आणला. विहार, मग बिहार, मग बिऱ्हाड. मी तिथंच उठून विचारलं, शेवटचा ड कुठून आला? उत्तर मिळालं नाही. दुसरे एक जाणकार तो 'विरह'पासून काढतात, घरापासूनचा विरह म्हणून. ऐकायला गोड आहे, पण व्युत्पत्ती गोडव्यावर ठरत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी मराठी अभ्यासकांना प्रत्येक शब्दाला संस्कृत आजोबा शोधायची सवय लावली. त्यांच्या व्यासंगापुढं मी नतमस्तक आहे, पण या सवयीनं आपले दक्षिणेकडचे नातेवाईक दाराबाहेर उभे राहिले. उलट टोकाला भाषेचे अभ्यासक विश्वनाथ खैरे मराठीची मुळं तमिळपर्यंत नेतात. आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही. सांगलीहून जतपर्यंत गेलं तरी पुरे.

जतच्या पूर्व भागात घराघरांत कानडी बोलतात. कानडीत 'बिडार' म्हणजे मुक्कामाची जागा, उतरायचं ठिकाण. आणि तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या मराठी गद्यात हाच शब्द 'बिढार' या रूपात भेटतो. विहार आणि विरह दोन्ही इथंच निकालात निघतात, कारण आपल्या जुन्या रूपात ढ ठसठशीत बसलेला आहे. पुढं ढ आणि र यांनी जागा बदलल्या. आपल्याकडं नुकसानचं नुस्कान होतं, मतलबचं मतबल होतं, तसंच. पण यातली गंमत बघा, मला तिचं फार अप्रूप आहे. अक्षरं हलली, हकार मात्र जागचा हलला नाही. ढ मधला ह दुसऱ्या अक्षरात होता, तो तिथंच थांबला आणि नव्यानं येऊन बसलेल्या र ला चिकटला. बि-ढा-र चं बि-ऱ्हा-ड झालं. घर बदललं तरी ह नं आपली खोली सोडली नाही.

त्याच्याही मागं कानडी धातू आहे 'बिडु', म्हणजे सोडणं. त्यातूनच 'बीडु' म्हणजे छावणी, राजाचा तळ. होयसळांची राजधानी हळेबीडु, म्हणजे जुना तळ. तमिळमध्ये याच कुळातला 'वीडु' म्हणजे घर, आणि वीडु म्हणजेच मोक्षही. धर्म, अर्थ, काम यांच्यानंतरचा चौथा पुरुषार्थ तमिळ माणूस घराच्या शब्दानं सांगतो!

सोडण्याच्या धातूतून राहण्याची जागा कशी निघाली? इथं माझं स्वतःचं मत आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. लहानपणी मामाबरोबर जतच्या यात्रेला गेलो होतो. सगळीकडं खिल्लार बैल. संध्याकाळी एक गाडी आली, म्हातारा उतरला आणि पोराला ओरडला, 'एत्तु बिडु!' एत्तु म्हणजे बैल. पोरानं जू उतरवलं, बैल सोडले, म्हातारीनं तिथंच तीन दगड मांडले आणि चूल पेटली. बैल सुटला ती जागा घर झाली. माझ्या मते बिडार म्हणजे जिथं बैल सोडले ती जागा. मराठीतही गाडी 'सोडली' म्हणजे बैल मोकळे केले. तेलुगूत 'बिडारु' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, उंटांच्या तांड्यालाही तेच म्हणतात. म्हणजे शब्दाच्या पोटात जनावरं आहेतच. भाषाशास्त्राचे एक प्राध्यापक मला म्हणाले, 'सोडणे'वरून 'उतरणे' सरळ निघतं, बैल मध्ये कशाला? त्यांनी त्या संध्याकाळी जतला यायला हवं होतं.

विटा, खानापूर, आटपाडी या भागातले गलाईवाले पिढ्यान्‌पिढ्या सोनंचांदी गाळायला देशभर गेले. आमच्या ओळखीचे एक काका तीस वर्षं तमिळनाडूत होते. दुकान तिकडं, पोरांची शाळा तिकडं, तमिळ अस्खलित. पण शेवटपर्यंत म्हणायचे, 'आमचं बिऱ्हाड तिकडं, घर इकडं.' तीस वर्षांनंतरही त्यांनी स्थायिक शब्द तोंडातून काढला नाही.

जर्मनीत तर पहिलं सरकारी कामच बिऱ्हाडाचं असतं. जागेत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला ते 'आनमेल्डुंग' म्हणतात. हा माणूस माझ्या जागेत राहायला आला आहे असा घरमालकाचा कागद लागतो. पहिल्यांदा नोंदणी झाली की करक्रमांक त्या पत्त्यावर टपालानं येतो. ताईंच्या लेकीनं हे केलं असणारच. म्हणजे 'लाइपझिगमध्ये बिऱ्हाड केलं' हे वाक्य तिच्याबाबतीत कागदोपत्री खरं आहे.

राहिले तिला भेटणारे लोक. साताऱ्याकडचा माणूस मुंबईच्या गिरणीत गेला की आपल्या गावच्या लोकांच्या खोलीत वळकटी टाकायचा, त्यांना तो 'गाववाले' म्हणायचा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, तेही एका अर्थी गाववालेच. पण लाइपझिगमध्ये तिला भेटणारे ब्राझीलचे असतील, व्हिएतनामचे असतील. ते गाववाले नव्हेत. ते बिऱ्हाडकरू आहेत. आमच्या वाड्यात असंच होतं. पाच गावांचे पाच जण, नळ एक, मालक एक. कुणाकडं पाहुणे आले की चौघांकडून साखर यायची. मालकाबद्दलची कुरकुरही सगळ्यांची सारखीच. परक्या शहरातले परके लोक अशाच सामायिक अडचणींवर एकमेकांचे होतात. तेव्हा एक्स्पॅटला माझा शब्द बिऱ्हाडकरू. कुणी म्हणेल, बिऱ्हाडकरू म्हणजे भाडेकरू. भाडेकरूचं नातं फक्त मालकाशी असतं, बिऱ्हाडकरूचं शेजारच्या बिऱ्हाडाशीही असतं.

आणि ते भेटतात कुठं? जर्मन लोकांत ठरलेल्या वारी ठरलेल्या टेबलाशी जमायची रीत आहे, तिला 'श्टामटिश' म्हणतात. श्टाम म्हणजे मुळात झाडाचं खोड, इथं नेहमीची मंडळी, आणि टिश म्हणजे टेबल. परदेशातून आलेले लोकही आपापले श्टामटिश भरवतात. आपला शब्द तयार आहे: कट्टा. हाही कानडीकडचाच. तिकडं 'कट्टे' म्हणजे झाडाभोवती बांधलेला पार, धातू 'कट्टु', म्हणजे बांधणं. जर्मनांनी टेबलाला खोडाचं नाव दिलं, कानडी माणसानं खोडाभोवती पार बांधला! आणि आपल्याकडं बिडु म्हणजे सोडणं, त्यातून बिऱ्हाड. कट्टु म्हणजे बांधणं, त्यातून कट्टा. परगावी गेलेला माणूस आधी ओझं सोडतो, मग माणसं बांधतो. दोन्ही शब्द मराठीला एकाच शेजारणीनं दिले.

तेव्हा ताई, शेजारणीला सांगा, 'पोरीनं लाइपझिगला बिऱ्हाड केलंय, आता रुळतेय, शनिवारी बिऱ्हाडकरूंच्या कट्ट्यावर जाते.' ती एका दमात समजेल.

एक विनंती. तुमच्या पत्रात हा शब्द नाही, पण उत्तरात लिहाल तेव्हा 'बिर्हाड' असा ह वर रफार देऊन लिहू नका. हल्ली छापील जाहिरातींतही तसं दिसतं. रफार दिला की उच्चार 'बिर्-हाड' असा तुटतो. इथं ऱ्हा आहे, कऱ्हाडमधला, कुऱ्हाडीतला. सातशे वर्षं जागचा न हललेला ह आहे तो, त्याला र पासून तोडू नका.