सी मायनरमधले दोन गंधार

प्रश्न : भजनात पेटी वाजवतो, त्यामुळे स्वर कळतात. गिटारवर ए, ई, डी या मेजर कॉर्डमधलं एकच बोट बदललं की मायनर मिळते. सी मेजरला तसंच केलं तर बेसूर लागतं. का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : बोट तुम्ही बरोबरच सरकवता. पण सी मेजरमध्ये गंधार (ग) दोन तारांवर आहे आणि त्यातला एकच कोमल होतो, म्हणजे एक पट्टी खाली उतरतो.

पेटीवर पांढरी एक, म्हणजेच सी, सा धरा. सा सोडून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या की चौथी शुद्ध गंधार, सातवी पंचम. सा-ग-प एकत्र वाजले की मेजर कॉर्ड. मायनरला सा आणि प हलत नाहीत, फक्त गंधार तिसऱ्या पट्टीवर येतो. गिटारवर एक पट्टी म्हणजे एक फ्रेट, दांडीवरच्या धातूच्या आडव्या रेषांमधलं एक घर. तारा बारीक तारेपासून मोजायच्या : सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी.

ए मेजरमध्ये गंधार एकट्या दुसऱ्या तारेवर, ईमध्ये तिसऱ्या, डीमध्ये पहिल्या. म्हणून तिथे एका बोटात काम होतं. सीमध्ये मात्र चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर एक गंधार आणि पहिली मोकळी तार हा दुसरा. मोकळी तार आणखी उतरणार कशी? चौथीवर कोमल, पहिलीवर शुद्ध, दोन्ही एकदम वाजतात.

आधी हे करून पाहा : अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट चौथीच्या पहिल्यावर, तर्जनी दुसरीच्या पहिल्यावर. तिसरी मोकळी. तर्जनीची कड पहिल्या तारेला टेकवून ती बंद करा. सहावीही वाजवू नका.

पुढे बार कॉर्ड शिकायलाच हवी. तिसऱ्या फ्रेटवर तर्जनी पाचवीपासून पहिलीपर्यंत आडवी, अनामिका चौथीच्या पाचव्यावर, करंगळी तिसरीच्या पाचव्यावर, मधलं बोट दुसरीच्या चौथ्यावर. कोमल गंधार या मधल्या बोटाखाली आहे. ती तार दबकी वाजली तर नुसते सा-प उरतात, म्हणून एकेक तार छेडून तपासा. हात दुखत असेल तर हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. तिथे तो डी मायनर होतो आणि जोर कमी लागतो.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने लाकूड फुगतं, तारा वर येतात आणि बार आणखी जड जातो. बाराव्या फ्रेटवर सहावी तार ३ मिलिमीटरपेक्षा उंच असेल, तर बोटांना दोष देण्याआधी गिटार दुरुस्तीवाल्याला दाखवा. खाऱ्या वाऱ्याने तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने खालूनही पुसा.