पाऊस पडला की गाडीत पाणी, आणि जॉबकार्डवर ‘तपासले, ओके’

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. २०२५च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नाशिकच्या शोरूममधून सनरूफची नवी गाडी घेतली, सव्वा अकरा लाखांना, बरंचसं कर्ज काढून. त्याच जूनमध्ये पहिल्या दमदार पावसात डाव्या बाजूच्या पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं झालं. कंपनीच्या जळगावच्या सर्व्हिस सेंटरला चार चकरा झाल्या. आधी म्हणाले एसीचं पाणी आहे. पण गाडी दोन दिवस शाळेच्या आवारात बंद उभी होती, तरी पाऊस झाल्यावर पाणी आलंच. चौथ्या चकरेनंतर मेहुण्याच्या सांगण्यावरून भुसावळच्या एका गॅरेजात सनरूफच्या कडेने सिलिकॉन लावलं, फरक पडला नाही. यंदाच्या पावसात कुबट वास सुटलाय आणि एअरबॅगचा दिवा लागतोय. आता सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘ड्रेन पाइप कचऱ्याने तुंबलाय, निष्काळजी तुमची, वॉरंटीत बसत नाही’, आणि ३८,४०० रुपयांचं एस्टिमेट दिलंय. विम्याचा एजंट म्हणतो, गाडी नाल्याच्या पुरात सापडली असं दाखवू. गाडी बदलून मिळेल का? केस नाशिकला करावी लागेल का? हप्ते थांबवू का?

उत्तर : सर, आधी त्या एअरबॅगच्या दिव्याचं बोलू. पुढच्या सीटांखाली एअरबॅग आणि सीटबेल्टच्या वायरिंगचे कनेक्टर असतात. कार्पेटखालचा फोम स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, वरून हात लावला तर कोरडं वाटतं आणि खाली कनेक्टर गंजत राहतात. दिवा लागलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच, याचा भरवसा नाही. घरच्यांना घेऊन या गाडीने प्रवास करू नका. दिवा आणि किलोमीटरचा आकडा एकत्र दिसेल असा फोटो आजच काढा आणि सर्व्हिस सेंटर, शोरूम व कंपनी या तिघांना ईमेल करा. ‘सुरक्षेचा धोका निर्माण झाला आहे’ हे वाक्य त्यात असू द्या.

आता मूळ मुद्दा. गाडी बदलून मिळेल का, याच्याही आधी पाणी नेमकं कुठून येतं, हे ठरलं पाहिजे. जबाबदार कोण, हे त्या एका जागेवरून ठरतं. चार जॉबकार्डांचे, म्हणजे सर्व्हिस सेंटरने प्रत्येक चकरेला दिलेल्या तक्रार-कामाच्या नोंदीच्या कागदांचे, फोटो तुम्ही पाठवलेत, चारही ठिकाणी एकच ओळ आहे : ‘तक्रार – पाणी गळती. कारवाई – तपासले, ओके.’ काय तपासलं, कसं तपासलं, पाणी मारून पाहिलं का, एक शब्द नाही. ही ओळ पाहून तुम्ही खचला असाल, पण ती तुमच्या कामाची आहे. पाइप तुंबला होता तर चार वेळा ‘ओके’ कसं लिहिलं, याचं उत्तर आता त्यांना द्यावं लागेल.

सनरूफ पाणी पूर्ण अडवतच नाही. काचेच्या कडेने थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरून खाली पन्हाळीसारखा ट्रे असतो. त्याच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या दरवाज्यांशेजारच्या खांबांमधून उतरतात आणि पाणी गाडीबाहेर सोडतात. नळी तुंबली, निसटली किंवा बसवतानाच मुडपली, तर पाणी छताच्या अस्तरामागून थेट पायाशी येतं. तुंबणं आणि निसटणं या दोन गोष्टी दिसायला सारख्या, कायद्यात मात्र वेगळ्या. कडुनिंबाची पानं आणि आपल्याकडची काळ्या मातीची धूळ साचून नळी तुंबली तर तो देखभालीचा प्रश्न होतो. नळी जोडावरच नीट बसलेली नसेल तर तो सरळ निर्मितीतला दोष आहे.

ओळखायचं कसं? सनरूफ उघडून ट्रेच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओता. ते थोड्याच वेळात गाडीखाली ठिबकलं आणि आत कोरडं राहिलं, तर सनरूफची नळी निर्दोष. ट्रेमध्येच तुंबून राहिलं तर नळी चोंदली. खाली न ठिबकता कार्पेटवर उतरलं तर नळी निसटली किंवा फाटली. नळी निर्दोष निघाली तर मग वायपरखालच्या पन्हाळीत पानं अडकलीत का, दरवाज्याच्या आतल्या पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा सुटलाय का, पुढच्या काचेचं चिकटवण कुठे सुटलंय का, हे पाहायचं. त्यासाठी साध्या पाण्याचा पाइप घ्यायचा, प्रेशर वॉशर नाही. खालून वर जात एकेका भागावर काही मिनिटं पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसायचं. एकदम छतावर पाणी मारलं तर सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

मात्र ही चाचणी घरच्या अंगणात करून थांबू नका. सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा की माझ्यासमोर पाणी मारून चाचणी करा, मी व्हिडिओ घेणार आहे, आणि निष्कर्ष जॉबकार्डवर लिहून द्या. सात दिवसांची मुदत द्या. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तरी तो तुमच्या बाजूचा पुरावा. व्हिडिओ ज्या फोनवर घ्याल तो फोन जपा, कारण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे त्या व्हिडिओच्या खरेपणाचं प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं. पावसाळा संपायच्या आत हे उरका.

‘तुमची निष्काळजी’ हे त्यांनी म्हटल्याने सिद्ध होत नाही. गाडीसोबतचं मॅन्युअल काढा आणि सर्व्हिसच्या तक्त्यात ड्रेन नळी साफ करण्याचं काम कोणाकडे दिलंय ते वाचा. ते ठरलेल्या सर्व्हिसमध्ये येत असेल आणि तुम्ही सगळ्या सर्व्हिस त्यांच्याकडेच वेळेवर केल्या असतील, तर ती त्यांच्या सेवेतली त्रुटी आहे. मालकाने करायचं असं छापलेलं असेल आणि नळी खरंच फक्त तुंबलेली निघाली, तर तुमची बाजू लंगडी पडेल. हे मी आत्ताच स्पष्ट सांगतो. तरीही पहिला पाऊस पडला तेव्हा गाडी दोन महिन्यांचीसुद्धा नव्हती, हे विसरू नका. इतक्या दिवसांत नळी तुंबते कशी, हा प्रश्न ग्राहक आयोगासमोर मी नक्की मांडेन.

सिलिकॉन लावायला नको होतं. पण लावलं ते लपवू नका, तक्रारीत तारखेसह लिहा. चारही जॉबकार्डं त्याच्या आधीची आहेत, म्हणून गळती सिलिकॉनमुळे झाली असं म्हणायला जागाच उरत नाही. गॅरेजची पावती सांभाळा.

केस नाशिकला करायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे तुमची तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. नाशिकची शोरूम, जळगावचं सर्व्हिस सेंटर आणि गाडी बनवणारी कंपनी, तिघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा, नाहीतर प्रत्येक जण बोट दुसऱ्याकडे दाखवतो. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाला अधिकार असतो. तुमच्या रकमेला फी ४०० रुपये आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येतं. मुदत दोन वर्षांची. सुरक्षित हिशेब म्हणजे पहिल्या गळतीपासून मोजा, जून २०२७च्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे. वॉरंटी तीन वर्षांची आहे म्हणून निवांत बसलेले लोक मी पाहिलेत, वॉरंटीची मुदत वेगळी आणि तक्रारीची वेगळी.

दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय ‘निर्मितीतला दोष’ टिकवणं अवघड जातं.

गाडी बदलून मिळण्याची आशा मोठी धरू नका. सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची वॉरंटी असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका कारच्या प्रकरणात म्हटलं आहे. म्हणून मागणी अशी लावा : गळती कायमची बंद करून कार्पेट आणि बाधित वायरिंग मोफत नवं द्यावं, त्या कामावर वाढीव वॉरंटी द्यावी, येण्याजाण्याचा खर्च, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च द्यावा, आणि दोष दूर होण्यासारखाच नसेल तर गाडी बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी. हे सगळे आदेश कलम ३९ खाली देता येतात.

विम्याच्या एजंटचं मुळीच ऐकू नका. पुराचा खोटा दावा म्हणजे फसवणूक, त्यात तुमची नोकरीही अडचणीत येईल. शिवाय एका कागदावर पाणी नाल्याचं आणि दुसऱ्यावर सनरूफचं, मग तुमच्या कुठल्याच कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

हप्ते चालू ठेवा. कर्जाचा करार बँकेशी आहे, गळतीशी बँकेचा संबंध नाही. हप्ता थकला तर सिबिल बिघडतो आणि गाडी ओढून नेण्याची वेळ येते, मग तपासणीला गाडीच हाताशी राहत नाही.

गाडीची गरजच असेल आणि ते ३८,४०० भरावेच लागले, तर संयुक्त चाचणीचा व्हिडिओ झाल्यावरच भरा. बिलावर स्वतःच्या हाताने लिहा, ‘हरकत राखून रक्कम भरत आहे’. समाधान झाल्याच्या छापील कागदावर सही करू नका. आणि काढलेलं जुनं कार्पेट व गंजलेले कनेक्टर मागून घ्या, पिशवीत घालून, तारीख लिहून घरी ठेवा.