भगिनी शहर समितीत नव्याने येताय? आधी एवढं करा

समितीत आलात, खूप आनंद झाला. भगिनी शहरं म्हणजे मैत्रीचा करार करून जोडलेली दोन देशांतली शहरं. 1956 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ही चळवळ सुरू केली ती सामान्य माणसांच्या भरवशावर. अमेरिकेतलं डेन्व्हर आणि केनियातलं नैरोबी यांचं नातं 1975 पासून टिकून आहे. करारावर सही महापौरांची असते, पण काम तुमच्या-आमच्यासारखेच करतात.

नवे लोक हमखास एक चूक करतात: आल्या आल्या सामान गोळा करायला लागतात. आम्हीही केली होती. केनियातल्या एका दवाखान्यासाठी यंत्रं पाठवली, सगळी अमेरिकेतल्या 120 व्होल्टवर चालणारी. तिकडे वीज 240 व्होल्ट आणि पिना चौकोनी. तिथल्या परिचारिकेला एक फोन केला असता तर कळलं असतं की त्यांना हवी होती पाण्याची टाकी. तेव्हा पहिले सहा महिने फक्त ऐका.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- काम एकच निवडा, आणि तेही तिकडच्यांनी सुचवलेलं.
- दोन्हीकडे किमान दोन-दोन माणसं जोडलेली हवीत. महापौर बदलले की निम्मी नाती तिथेच थंडावतात.
- वेळ ठरवताना नीट विचारा. केनियात बोलल्या जाणाऱ्या स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे 'सा म्बिली', म्हणजे शब्दशः दोन वाजता, हे आपले सकाळचे आठ असतात.
- तिकडून पाहुणे येणार असतील तर व्हिसाची तयारी कित्येक महिने आधी सुरू करा.

निधी, अनुदानाचे अर्ज वगैरे नंतर बघू. या आठवड्यात तिकडच्या एका शिक्षकाशी निवांत बोला आणि काय बोलणं झालं ते मला जरूर कळवा.