नेरुळला जुनं रो-हाऊस पाडून नवं बांधायचंय, कंत्राटदार ‘स्क्वेअर फुटाला अमुक’ म्हणतोय. हो म्हणू का?

आधी विचारा, कुठला स्क्वेअर फूट? स्लॅबचा (भिंतींसकट) की कार्पेटचा (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेचा)? जिना, पॅरापेट, पाण्याची टाकी, कंपाउंड वॉल त्यात धरलंय का? भांडणं इथेच होतात.

स्वतःच्या घराला लावलेला कंत्राटदार म्हणजे फ्लॅट विकणारा बिल्डर नव्हे, त्यामुळे महारेराकडे (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) धाव घेता येत नाही. जे काही आहे ते तुमच्या करारनाम्यात. पैसे जोतं, स्लॅब, प्लास्टर असे टप्प्याने आणि काम झाल्यावरच. थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत अडकवून ठेवा, गळती तेव्हाच कळते.

आमच्या कोपरखैरण्याच्या घराच्या स्लॅबला मी चहा आणायला गेलो. परत येतो तर मुकादमाने मिक्सरमध्ये सरळ पाण्याचा पाइप सोडलेला. म्हणे, ‘‘साहेब, माल पसरायला बरा पडतो.’’ पसरतो हो, पण जादा पाण्याने काँक्रीटची ताकद घटते. त्यानंतर चहा साइटवरच मागवला. तुम्ही तुमच्यासमोर क्यूब (त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) भरून घ्या, 7 आणि 28 दिवसांनी लॅबमध्ये त्यांची ताकद तपासा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी तुम्हीच द्या, कंत्राटदाराने आणलेला इंजिनिअर त्याचीच बाजू घेणार.

परवानग्यांचं आर्किटेक्ट बघेल, पण प्लॉट सिडकोच्या भाडेपट्ट्यावरचा असेल तर ते कागद त्याला पहिल्याच भेटीत दाखवा. आणि महापालिकेचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत जुन्या घराची एक वीटही हलवू नका, भाड्याच्या घरात उगाच महिने वाढतात.