आखेनला निघताना किंडल की टॅबलेट?

ऑक्टोबरात आखेनला शिकायला निघायचंय, तिकिटावर 23 किलोची एकच बॅग आहे, मराठी पुस्तकं मागं सोडवत नाहीत, मग किंडल घेऊ की टॅबलेट, असं तू विचारलंस. मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातून जर्मनीत आलो त्याला नऊ वर्षं झाली. दोन्ही वापरतो.

मला स्वतःला ई-इंकच आवडतं, म्हणजे किंडलसारखं नुसतं पुस्तकं वाचायचं ई-रीडर. त्याचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो. गावी आलो की भर दुपारी वावरातल्या निंबाखाली बाज टाकून वाचतो. टॅबलेट तिथं नेला तर त्यात आपलंच तोंड दिसतं. आणि ई-रीडरवर व्हॉट्सॅप नाही! टॅबलेटवर दहा पानं झाली की मी गावच्या ग्रुपवर कापसाचा भाव पाहायला जातो, तो परत येतच नाही.

तरी तू आधी टॅबलेटच घे. जुनी मराठी पुस्तकं बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच सापडतात. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. अक्षर मोठं करायला गेलास की ओळ पडद्याबाहेर जाते. सहा इंची किंडलवर एका ओळीसाठी तीनदा बोट ओढावं लागतं, वर पडदा मधूनमधून काळा होऊन मिचकतो. मी असं एक पुस्तक चाळीस पानांवर सोडलं. दहा-अकरा इंची टॅबलेटवर अख्खं पान मावतं, कॉलेजच्या रंगीत आकृत्याही.

ई-रीडर तिकडं जाऊनच घे. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, लांबलचक संध्याकाळी घरात वाचत बसशील तेव्हा त्याची किंमत कळेल. पण जर्मन शिकायला वाचनालयाची ई-पुस्तकं हवी असतील तर किंडल घेऊ नकोस. तिथल्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांची ई-पुस्तकं ‘ऑनलाये’ या सेवेतून मिळतात आणि ती किंडलवर चालत नाहीत. टोलिनो, पॉकेटबुक या दुसऱ्या ई-रीडरवर चालतात. उलट विकतची मराठी ई-पुस्तकं वाचायची तर किंडल सोयीचं, 2016 पासून तिथं मराठी आहे. दुसरं काही घेणार असशील तर दुकानातच आपली एक मराठी फाइल उघडून बघ. माझ्या पहिल्या ई-रीडरवर (नाव नको) पहिली वेलांटी अक्षराच्या मागं लटकायची आणि जोडाक्षरं फुटायची. पैसे पाण्यात.

विमानात दोन्ही हातातल्या बॅगेतच ठेव, बॅटरीच्या वस्तू चेक-इनला देऊ नको. दोन कागदी पुस्तकं मात्र ने, कोणती ते मी सांगणार नाही.

माझं जुनं किंडल आता बाबांकडे आहे. पहिल्या दिवशी लाइन गेली, तरी पडद्यावरचं पान तसंच. ‘बापू, हे बंद काऊन होत नाही?’ म्हणून त्यांनी मला फोन केला. त्यातले काळे-पांढरे कण एकदा जागेवर बसले की पान बदलेपर्यंत त्यांना वीज लागत नाही, हे समजावता समजावता माझा डबा थंड झाला. आता ते ओसरीत बसून वाचतात. अक्षर इतकं मोठं केलंय की पडद्यावर पाचच ओळी मावतात, आणि पान उलटायच्या आधी अजूनही बोट जिभेला लावतात.